तिसरी उचल

मामाजींच्या राईस मिलमध्ये धानाचा कट्टा ट्रॉलीतून निघाल्यापासून हॉपरच्या खड्ड्यात रिकामा होईपर्यंत माणसाच्या पाठीवर चार वेळा चढायचा. ट्रॉलीतून काट्यावर. काट्यावरून बाहेरच्या शेडमधल्या थप्पीवर. तिथून आतल्या थप्पीवर. आतल्या थप्पीवरून खड्ड्याशी. एक कट्टा साधारण ४० किलोचा. हे सगळं मी आधी वहीत लिहिलं, मग एका मोठ्या कागदावर काढलं आणि तिसरी उचल लाल पेनने खोडली.

त्या लाल रेघेबद्दल लिहायचं आहे.

आमचं गाव दवनीवाडा, गोंदिया तालुक्यातलं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण धानाच्या बाबतीत दोन्ही घरांची चूल अजून एकच आहे. आमच्याकडे भात म्हणजे ताटातला. शेतात असतो तो धान. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तीन वर्षं होतो, तिथे हा फरक मी किमान शंभर लोकांना समजावून सांगितला असेल. कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून हंगामात घरी आलो. मामाजी म्हणाले, “पुण्याले शिकून आला ना? मग आपली मिल पाहून दे. माल अडकते कुठं ते सांग.”

मिल छोटी आहे. एक मिस्त्री, एक मुनीमजी, पाच हमालांची टोळी, आणि सांडलेला धान झाडून-पाखडून परत पोत्यात भरणाऱ्या दोन बाया. काम दोन प्रकारचं. गावातले लोक स्वतःच्या खाण्याचा धान आणून भरडून नेतात ते एक, आणि सरकारी भरडाई हे दुसरं. हमीभावाने सरकार जो धान विकत घेतं तो मिलवाल्याकडे येतो आणि त्याने क्विंटलमागे ६७ किलो अरवा तांदूळ परत द्यायचा असतो; उसना असेल तर ६८. धान कसाही येवो, कणी कितीही पडो, आकडा ६७. या भरडाईचा केंद्राचा दर बरीच वर्षं अरव्यासाठी क्विंटलला १० रुपये होता, वर राज्य काय देईल ते. त्यामुळे मिलवाला पैशांच्या बाबतीत दिसतो तितका ऐटीत नसतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे मामाजी खलनायक वाटायला लागतील आणि ते तसे नाहीत.

पहिले चार दिवस मी फक्त पाहत होतो. मशीनच्या आत सगळं ठीक चाललेलं होतं. धान क्लीनरमध्ये जातो, काडीकचरा निघतो. डिस्टोनर खडे काढतो. शेलरमधले दोन रबरी रोल वेगवेगळ्या गतीने फिरून तूस सोलतात. सेपरेटर न सोललेला धान मागे पाठवतो. मग पॉलिशर, मग कणी वेगळी करणारा ग्रेडर. मधली सगळी ने-आण बादल्यांचे एलिव्हेटर करतात. ज्याने ही मशिनरी बनवली त्याने विचार करून बनवली आहे. विचार कुणी केलेला नव्हता तो मशीनच्या बाहेरचा, म्हणजे फाटकापासून खड्ड्यापर्यंतचा. तिथे एलिव्हेटर नाही, पाठ आहे.

ज्या पद्धतीने मी हे कागदावर काढलं तिला व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी कल्पना सोपी आहे. तुम्ही एखाद्या वस्तूच्या मागे मागे चालत जायचं. ती कुठे थांबली, किती वेळ थांबली, कुणी उचलली, कुठे ठेवली, परत का उचलली. ज्या पायरीसाठी गिऱ्हाईक पैसे मोजेल ती कामाची. बाकीच्या पायऱ्यांवर प्रश्नचिन्ह. टोयोटाचे ताईची ओहनो यांनी अशा वायफळ गोष्टींचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहणं, माल इकडून तिकडे नेणं, नको तितकी प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल, आणि खराब माल. चाकणला हे सात आमच्या शॉपफ्लोअरवर रंगीत बोर्डावर लावलेले होते. त्या बोर्डाखाली उभं राहून मी कित्येकदा डबा खाल्ला आहे आणि त्यात काही गडबड असेल असं मला कधी वाटलं नाही.

पाचव्या दिवशी मी टोळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाबरोबर चहा पीत बसलो होतो. त्याचं नाव लिहीत नाही. मी त्याला दादा म्हणतो. मी सहज विचारलं, “दादा, ही आतली थप्पी कशासाठी? बाहेरच्या शेडमधून सरळ खड्ड्याकडे का नाही नेत?”

दादा हसला. “ते बाहेरचं छप्पर टपकत होतं ना बाबू, तवाची हाय ती.”

म्हणजे असं की खूप वर्षांपूर्वी अवकाळी पावसात बाहेरच्या शेडमधले कट्टे भिजले. तेव्हापासून मामाजींनी माल आत हलवायला सांगितलं. पुढे छपरावर नवे पत्रे पडले. आत थप्पी लावायची रीत मात्र राहिली. ती का आहे हे मामाजी विसरले, मिस्त्री नंतर आला, मुनीमजींना त्यात रस नाही. फक्त टोळीला माहीत होतं.

“मग मालकाला सांगितलं नाही कधी?”

“मालकानं विचारलं कधी?”

मी वहीत लिहिलं. रात्री कागदावर काढलं, तिसरी उचल खोडली, दुसऱ्या दिवशी मामाजींना दाखवलं. मामाजी इतके खूश झाले की त्यांनी तो कागद मुनीमजींच्या टेबलामागे चिकटवला. एक उचल कमी म्हणजे ट्रॉल्या फाटकावर ताटकळणार नाहीत, पोती कमी फाटतील, धान कमी सांडेल, आतली जागा मोकळी होईल. सगळं खरं होतं. मग मुनीमजींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “म्हणजे आता हिशोब तीन उचलींचा धरायचा?”

टोळीला पैसे कट्ट्यामागे मिळतात, आणि दर उचलीचे वेगळे. हे मला माहीत होतं. पाच दिवस मी तिथेच बसून होतो, हिशोबाची वही डोळ्यांसमोर होती. तरीही कागदावर उचल खोडताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या कागदावर कट्ट्याचा प्रवास होता. माणसाचा नव्हता. त्या कागदावर दादा म्हणजे एक बाण.

आणि ‘उचल’ या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत असेलच. ऊसतोडीच्या बातम्यांमध्ये तो रोज येतो: आगाऊ घेतलेले पैसे. टोळीतल्या तिघांनी हंगामाआधी मामाजींकडून उचल घेतलेली होती. ती फिटायची या उचलींमधूनच. म्हणजे मी एक उचल कमी केली तेव्हा दुसरी लांबवली.

दोन दिवसांनी दादा माझ्याकडे आला. भांडायला नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाला, “बाबू, ते मी तुले चहा पिता पिता सांगितलं होतं.”

या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

सुरुवातीला मी स्वतःशी जो युक्तिवाद केला तो असा. निरर्थक काम करायला लावणं हा माणसाचा अपमान आहे. चाळीस किलोचं ओझं, काही कारण नसताना, दिवसातून कित्येक वेळा. ज्याला पाठीचं दुखणं म्हणजे काय ते माहीत आहे तो या उचलीची बाजू घेणार नाही. दादाही घेत नव्हता. तो उचलीच्या पैशांची बाजू घेत होता. काम आणि पैसा हे दोन वेगळे धागे आहेत, पण आपल्या व्यवहारात ते एकत्र पिळलेले असतात. सुधारणा करणारा माणूस कात्री घेऊन येतो आणि ‘मी फक्त निरुपयोगी धागा कापतोय’ असं म्हणत दोन्ही कापतो. मग समोरचा विरोध करतो, आणि आपण म्हणतो, बघा, या लोकांना बदल नको असतो.

‘वायफळ’ हा शब्दच पाहा. वाया गेलं म्हणजे कुणाचं? मामाजींच्या बाजूने तिसरी उचल वाया होती. कट्ट्याच्या बाजूनेही. रेशनवर तांदूळ घेणाऱ्या बाईला तिचा काही उपयोग नव्हता. दादाच्या बाजूने मात्र ती हंगामाच्या मजुरीचा पाव हिस्सा होती. चारही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत. माझ्या कागदाने त्यातली एक बाजू निवडली आणि ती निवडली आहे हे कुठे लिहिलं नाही. धान पाखडणाऱ्या बायांचंही तसंच. मशीन बंद असते तेव्हा त्या बसून असतात. तो वेळ मी ‘वाट पाहणं’ म्हणून पिवळा केला होता. त्या वेळात एक जण लेकराला पाजते. तिच्यासाठी दिवसातला तेवढाच वेळ मोकळा असतो आणि कागदावर तो दोष म्हणून रंगला होता.

इथे एक जुना हमाल आठवतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होता. घड्याळ लावून कामगाराचं काम मोजण्याच्या शास्त्राचा तो बाप मानला जातो. १८९९ साली बेथलेहेम स्टील कंपनीत कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलून रेल्वेच्या डब्यात भरायचं काम चाललं होतं. एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे जवळपास ४२ किलो. आमच्या कट्ट्याइतकीच. माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरने कधी उचलायचं, कधी बसायचं हे ठरवून दिलं आणि एका माणसाकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले असं तो सांगतो. हिशोब केला तर दिवसाला अकराशेच्या वर लाद्या होतात. त्या माणसाची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी वर. १९११ च्या आपल्या पुस्तकात टेलरने त्या माणसाला ‘श्मिट’ असं नाव दिलं आणि त्याला बैलासारखा मठ्ठ ठरवलं. खरं नाव हेन्री नोल. १९७४ साली दोन संशोधकांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की टेलरने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितली होती. ते असो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती टेलरने स्वतः प्रामाणिकपणे लिहिली आहे: कामगार मुद्दाम हळू काम करतात, कारण त्यांनी जास्त काम करून दाखवलं की मालक दर कमी करतो, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. म्हणून कामगार आपल्याला जे माहीत आहे ते लपवतात. आणि टेलरच्या शास्त्राचं पहिलंच काम म्हणजे कामगारांच्या डोक्यातलं ते पिढीजात ज्ञान गोळा करून व्यवस्थापनाच्या ताब्यात आणणं.

मी चहा पिता पिता तेच केलं. फरक इतकाच की टेलरने घड्याळ लावलं होतं, आणि माझ्याकडे दादाने मन मोकळं केलं होतं.

सुधारणा ज्या माहितीतून जन्मते ती माहिती जवळजवळ नेहमी काम करणाऱ्याची असते. छप्पर टपकायचं हे मला कळणं शक्यच नव्हतं. वीस दिवस मोजमाप केलं असतं तरी मला फक्त कळलं असतं की आत एक थप्पी आहे; ती नकोशी आहे हे कळलं नसतं. कदाचित तिचं काही गूढ कारण असेल म्हणून मी तिला हात लावला नसता. ती रेघ मारण्याची हिंमत मला दादाच्या एका वाक्याने दिली. मग त्या रेघेतून जे वाचलं त्यात दादाचा वाटा किती? कायद्याने काही नाही. चाकणच्या कंपनीत चांगली सूचना देणाऱ्याला वर्षाअखेरीस एक स्टीलचा डबा मिळायचा. मलाही मिळाला आहे. इथे सूचना देणाऱ्याची मजुरी कापली गेली.

तुम्ही म्हणाल, अशाने कुणी काही सुधारूच नये. मामाजींनी नाही केलं तर शेजारची मिल करेल, तिचा खर्च कमी होईल, मामाजींची मिल बंद पडेल आणि मग चारही उचली जातील. हा मुद्दा खोडून काढता येत नाही. पण तो काय सिद्ध करतो ते नीट बघा. तो सांगतो की तिसरी उचल काढली पाहिजे. त्यातून वाचलेले पैसे कुणाच्या खिशात जावेत याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. आपण दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणून टाकतो. बाजाराची सक्ती पहिल्या प्रश्नावर आहे. दुसरा प्रश्न मालक, मुनीम आणि भाचा यांनी टेबलाशी बसून सोडवलेला असतो, आणि नंतर बाजाराच्या नावावर टाकलेला असतो.

टोयोटाची गोष्ट सांगताना तिचा अर्धा भाग नेहमी गाळला जातो. १९५० साली ती कंपनी बुडायला आली होती. कामगार कपात, मोठा संप, आणि शेवटी संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी अध्यक्षपद सोडलं. त्या धक्क्यातून कंपनी आणि कामगार यांच्यात जी समजूत झाली तिचा गाभा होता की जे राहिले त्यांना कंपनी सहजासहजी काढणार नाही. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, तिथे कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना सुरू झाली. क्रम पाहा. आधी हमी, मग सूचना. आपली सूचना आपल्याच पोटावर येणार नाही याची खात्री असलेला माणूसच सांगतो की छप्पर टपकायचं तेव्हाची ही थप्पी आहे. आमच्या चाकणच्या बोर्डावर सात प्रकारचा वायफळपणा होता. १९५० नव्हतं. आणि तिथले बहुतेक लोक माझ्यासारखे कॉन्ट्रॅक्टवर.

हे सगळं जपानातून आणायची गरज नाही खरं तर. गोंदियाहून नागपूर ओलांडून पुढे वर्धा. तिथे १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा काम पाहायचे. या लोकांचा एक ठळक विरोध होता तो भाताच्या गिरण्यांना. म्हणजे मामाजींच्याच धंद्याला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं: गिरणीत पॉलिश होताना तांदळाचं सत्त्व कोंड्यात जातं, आणि घरोघरी कांडणाऱ्या बायांची मजुरी गिरणीच्या खिशात जाते. स्वातंत्र्यानंतर हा विचार कायद्यापर्यंत पोहोचला. १९५८ च्या भात-गिरणी नियमन कायद्यात नवी गिरणी टाकायला सरकारी परवाना लागायचा आणि परवाना देताना हातकांडणीच्या रोजगारावर काय परिणाम होईल हेही पाहायचं होतं. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. गांधीजी सुधारणेच्या विरोधात होते असंही नाही. १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या काळचे एक लाख. अट अशी की तो चरखा कातणाऱ्या बाईच्याच घरात, तिच्याच हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. वेग वाढू दे, पण वेग तिच्या मालकीचा हवा.

मला हे वाचून भारी वाटलं आणि मी ते आजीला सांगायला गेलो. आजी म्हणजे मामाजींची आई. तिने लग्नानंतर कित्येक वर्षं उखळात धान कांडला आहे. गिरण्या नसत्या तर किती बरं झालं असतं, अशा सुरात मी बोलत होतो. आजीने तळहात पुढे केला. घट्टे अजून आहेत.

“तू कांडलं कधी?” ती म्हणाली. “पहाटे कोंबडा नाही उठत तवा उठून कांडलं कधी? मिल आली अन् आम्ही झोपू लागलो.”

मी गप्प बसलो. कुमारप्पांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण आजीचंही बरोबर होतं. कष्टाचं गाणं करणं त्यालाच जमतं ज्याच्या हातात मुसळ नाही. मग आजीच स्वतःहून बोलली. वाड्याच्या मागे एक विधवा बाई राहायची, ती दुसऱ्यांचा धान कांडून द्यायची, मजुरीत तांदूळ घ्यायची. मिल आल्यावर तिच्याकडे कुणी धान नेईना.

“मग तिचं काय झालं?”

आजीने थोडा वेळ आठवून पाहिलं. “माहीत नाही रे. कुणी विचारलंच नाही.”

आमच्या घरात आजीची झोप आणि मामाजींची मिल या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या असाव्यात, आणि त्याच दिवशी मागच्या बाईचं काम गेलं. आजीने काही चूक केली का? नाही. मिल काढणाऱ्याने? तेही म्हणता येत नाही. तरी हिशोबात काहीतरी राहून गेलं आहे, आणि ते इतकं जुनं झालंय की मागायला कुणी उरलं नाही. दादाचं तसं नाही. दादा रोज सकाळी सात वाजता फाटकाशी असतो.

म्हणून मी मामाजींशी बोललो. म्हटलं, उचल तीनच ठेवा, पण कट्ट्याचे पैसे चारचेच द्या.

“मग वाचलं का?” मामाजी म्हणाले.

मी सांगितलं: ट्रॉल्यांचा वेळ वाचला, फुटणारी पोती वाचली, सांडणारा धान वाचला, आतली अर्धी जागा मोकळी झाली. हे सगळं तुमचं. हमालीचे पैसे तेवढे त्यांचे राहू द्या, निदान हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत. मामाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेजारचा मिलवाला हसंन मले.” हे मला अनपेक्षित होतं. पैशांपेक्षा हसं होण्याची भीती मोठी होती. न केलेल्या कामाचे पैसे देणारा माणूस भोळा ठरतो. केलेल्या कामाचे कमी देणारा हुशार. ही व्याख्या कुणी केली कोण जाणे, पण ती आमच्या बाजारात दगडावर कोरलेली आहे. मी मामाजींना म्हटलं, मामाजी, छप्पर तुमचं टपकत होतं, पत्रे तुम्ही टाकले, आणि मग इतकी वर्षं विसरून गेलात तेही तुम्हीच. त्या विसरण्यावर लोकांनी आपलं घर बांधलंय, आता एकदम आठवलं म्हणून घर पाडाल का? ते हसले. हसणं ही आमच्याकडे निम्मी संमती असते.

आणि निम्मंच झालं. तीन उचलींना साडेतीनचे पैसे. कागदावर लिहिलेलं काही नाही, मुनीमजींच्या वहीत फक्त नवा दर. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ पासून आहे, हमालांची नोंदणी, मंडळं, मजुरीचे नियम, सगळं त्यात आहे. आमच्या फाटकापर्यंत तो चालत आलेला मी पाहिला नाही. तर साडेतीन. मला वाटलं, वाईट नाही. ओझं पावभर कमी झालं आणि पैसे त्याहून कमी घटले. दर उचलीमागे पाहिलं तर मजुरी वाढली. कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड चांगली दिसली असती.

पण घर दर-उचलीवर चालत नाही, महिन्यावर चालतं. काम चौथाईने कमी झालं आणि पाच माणसांना ते पुरेना. टोळीनेच आपसात ठरवलं की चौघं राहायचं. मामाजींनी कुणाला काढलं नाही, मी तर नाहीच. पाचवा, टोळीतला सगळ्यात लहान, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, रायपूरकडे निघून गेला. निघण्याआधी त्याने माझ्याकडून मोबाइलमध्ये रेल्वेचं तिकीट काढून घेतलं, कारण त्याला ते ॲप जमत नव्हतं. तिथे सिमेंटच्या गोण्या उतरवायचं काम आहे. गोणी ५० किलोची.

म्हणजे चौघांचं आता बरं आहे. चौघांच्या पाठीला तीनच उचली, आणि पाचवा गेल्यामुळे वाटणी मोठी. नकाशा बघणारा म्हणेल, सुधारणा यशस्वी. मी तो कागद टेबलामागून काढून घेतला आहे. फाडला नाही. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी दुसरा नकाशा काढायचा प्रयत्न केला: कट्ट्याच्या मागे न जाता माणसांच्या मागे जाणारा. कोण किती वाजता घरून निघतो, उचल किती, ती कुणाला फेडायची, पाठ कधीपासून दुखते, धान नसतो त्या महिन्यांत काय करतो. एका माणसापाशीच कागद भरला. शिवाय हे सगळं विचारायला मला परत चहाला बसावं लागणार होतं.

दादा माझ्याशी चांगला वागतो. चहा येतो तेव्हा कप माझ्याकडे आधी सरकवतो. गेल्या आठवड्यात मी पाहिलं की तयार तांदळाची पोती ग्रेडरपासून दारापर्यंत नेताना टोळी एका खांबाला वळसा घालून जाते. सरळ गेलं तर दहा पावलं वाचतील, मध्ये काहीच नाही. वही माझ्याजवळ नव्हती, पेनही नव्हतं, मी खरंच सहज विचारलं.

“दादा, त्या खांबाला वळसा का घालता?”

दादाने खर्ऱ्याची पुडी उघडली, चिमूट तोंडात टाकली, पुडी नीट घडी करून खिशात ठेवली.

“तसंच हाय बाबू,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”